ड्रेस्डेनमध्ये भेटलेला औरंगजेब

बर्लिन, रविवार सकाळ

तीर्थरूप आई-बाबांस,

साष्टांग नमस्कार.

काल रात्री उशिरा आम्ही दोघे ड्रेस्डेनहून परत आलो. तीन दिवस चालून पाय भरून आले आहेत, पण तिथे जे पाहिले ते फोनवर पाच मिनिटांत सांगण्यासारखे नाही, म्हणून चहा घेऊन लिहायलाच बसले. बाबा, पत्र आधी तुम्ही वाचाल आणि मग आईला मोठ्याने वाचून दाखवाल, हे मला ठाऊक आहे. तेव्हा सावकाश वाचा.

ड्रेस्डेन हे एल्बे नदीच्या काठचे, सॅक्सनीच्या राजांचे शहर. बर्लिनहून आगगाडीने साधारण दोन तासांवर. तिथल्या राजवाड्यात जुन्या राजघराण्याचा खजिना मांडलेला आहे. पूर्वी त्याच्या दालनांना हिरवा रंग दिलेला असे, त्यावरून त्याला ‘हिरवे तळघर’ अशा अर्थाचे नाव पडले आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तो पाहायला गेलो. हस्तिदंत, शंख, सोने पाहत पाहत एका मोठ्या काचेच्या पेटीपाशी आलो, खालची पाटी वाचली आणि मी जागच्या जागी थांबले. पाटीवर लिहिले होते: औरंगजेबाच्या वाढदिवसाचा दिल्लीतला दरबार.

आई, तू गौरीपुढे पायऱ्यापायऱ्यांची आरास मांडतेस, वर सिंहासन, खाली शिपाई, वाणी आणि हत्ती, तशीच ती आरास आहे. फक्त सगळी सोन्या-चांदीची. लांबी जेमतेम दीड मीटर. वर छत्राखाली बादशहा बसला आहे आणि खालच्या चौकांतून सरदार नजराणे घेऊन चालले आहेत. माणसे आणि जनावरे मिळून सव्वाशेच्या वर आकृत्या आहेत, त्यांवर मिन्याचे रंगकाम आहे आणि सगळ्यात मिळून सुमारे पाच हजार हिरे जडवले आहेत. एक सरदार बादशहापुढे पालथा पडून मुजरा करतो आहे; त्याच्या अंगरख्यावरची नक्षी पाहायला मी इतकी पुढे वाकले की माझ्या श्वासाने काच धुरकटली. योहान मेल्शिओर डिंगलिंगर या सोनाराने आपल्या भावांना हाताशी धरून 1701 ते 1708 या काळात हे काम केले आणि राजा ऑगस्टसने त्यासाठी 58 हजारांहून अधिक थालर, म्हणजे तिथली त्या काळची चांदीची नाणी, मोजले. डिंगलिंगरने हिंदुस्थान कधी पाहिला नव्हता. प्रवाशांनी लिहून ठेवलेली वर्णने वाचून त्याने दिल्ली रचली, म्हणून त्यात कुठे चिनी, तर कुठे मिसरी वळणही शिरले आहे.

बाबा, ती साले वाचताना मला तुमची फार आठवण झाली. तुम्ही मला सायकलच्या दांडीवर बसवून भिंगारच्या आलमगीराला, औरंगजेबाच्या त्या स्मारकाकडे, नेत असा आणि ‘दिल्लीचा बादशहा आपल्या नगरात मेला’ हे वाक्य दर वेळी तितक्याच आवेशाने सांगत असा. डिंगलिंगर कामाला बसला त्या 1701 साली औरंगजेब पन्हाळ्याला वेढा घालून बसला होता. 1703 मध्ये सिंहगड आणि 1704 मध्ये राजगड, तोरणा असे एकेक किल्ले तो घेत होता, आणि ताराबाईंच्या फौजा ते पुन्हा जिंकून घेत होत्या. 1681 मध्ये दक्षिणेकडे निघालेल्या त्या माणसाने पुन्हा दिल्ली पाहिली नाही. मार्च 1707 मध्ये, वयाच्या 88 व्या वर्षी, तो नगरलाच गेला. म्हणजे इकडे कारागीर त्याच्या सिंहासनावर हिरे बसवत होते, तेव्हा तो आपल्या महाराष्ट्रात छावणीत राहत होता, आणि दरबार पुरा होण्याआधीच खुलताबादच्या उघड्या मातीत निजला होता. हे सगळे मी तुमच्या जावयांना तिथेच उभ्याने सांगितले. बोलता बोलता माझा आवाज तुमच्यासारखा झाला, असे त्यांनी नंतर मला सांगितले. मला त्याचा फार आनंद झाला.

तिसऱ्या दिवशी फ्राउएनकिर्श, म्हणजे मेरीमातेच्या नावाचे प्रार्थनामंदिर, पाहिले. फेब्रुवारी 1945 मधील बॉम्बहल्ल्यात शहर जळाले. हे मंदिर दोन दिवस आगीत तग धरून उभे राहिले आणि 15 तारखेला सकाळी कोसळले. पुढे पन्नास वर्षे तिथे नुसता ढिगारा होता. तो उपसताना निघालेल्या दगडांची मोजमापे घेऊन, ज्यांच्या जागा ओळखू आल्या ते हजारो दगड पुन्हा भिंतीत बसवले आणि 2005 मध्ये मंदिर उघडले. नवा दगड पिवळसर आणि जुना काळा, त्यामुळे भिंतीकडे पाहून कोणता दगड आगीतून वाचला हे आजही बोट ठेवून दाखवता येते. मी एका काळ्या दगडावर तळवा टेकवून थोडा वेळ उभी राहिले. कळसावरचा नवा सोनेरी क्रूस लंडनच्या ॲलन स्मिथ या कारागिराने घडवला आहे, आणि त्यांचे वडील त्याच हल्ल्यातल्या एका विमानाचे वैमानिक होते. जुना क्रूस ढिगाऱ्यात वाकडातिकडा झालेला सापडला, तो आत तसाच ठेवला आहे. आई, त्याच्यापुढे लोक मेणबत्त्या लावतात. तुझी आठवण काढून मीही एक लावली.

बाकीचे थोडक्यात लिहिते. राजघराण्यातील पुरुषांची मिरवणूक चितारलेली एक भिंत आहे, 102 मीटर लांब आणि सगळी चिनी मातीच्या फरशांची; ती आम्ही या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत पाहिली. त्स्विंगर महालातल्या चित्रसंग्रहात राफाएलचे मेरीमातेचे चित्र आहे. आपल्या बैठकीतल्या जुन्या कॅलेंडरवर हनुवटीला हात लावून वर पाहणारी पंखांची दोन पोरे होती ना, ती याच चित्राच्या तळाशी आहेत. संध्याकाळी नदीकाठच्या उंच गच्चीवर बसून आयरशेके नावाचा तिथला मऊ, तीन थरांचा केक खाल्ला. आईला तो नक्की आवडेल, गोड बेताचे आहे.

आता मुद्द्याचे लिहिते. पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही दोघे इकडे याल तेव्हा बर्लिनच्या आधी ड्रेस्डेन पाहायचे, असे आम्ही ठरवून टाकले आहे. आईच्या गुडघ्यांची काळजी नको. राजवाड्यात लिफ्ट आहे, राहण्याची जागाही जुन्या शहरातच घेऊ, म्हणजे फार चालावे लागणार नाही. बाबा, पारपत्राची मुदत पाहून ठेवा, आणि औरंगजेबाच्या शेवटच्या मोहिमांची टिपणे असलेली तुमची ती निळी वही बरोबर आणा. त्या पेटीपुढे उभे राहून मला ती तुमच्या तोंडून ऐकायची आहे.

तुमची लेक