नव्या टाकीत मासे सोडण्याआधी

नाशिक,
१६ नोव्हेंबर

प्रिय सुधाकर,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र काल मिळाले. बैठकीच्या खोलीत दोन फुटी काचेची टाकी आणली आहेस आणि येत्या रविवारी नाशिकला येऊन नातवाच्या वाढदिवसासाठी बारा-पंधरा मासे एकदम घेऊन जायचा तुझा बेत आहे, हे वाचले. माझी तुला कळकळीची विनंती आहे की या रविवारी मासे नेऊ नकोस. टाकी भर, फिल्टर सुरू कर, नातवाला त्याच्या हाताने खडी पसरू दे, पाणवनस्पती लावू दे. मासे मात्र अजून महिनाभर तरी नकोत. वाढदिवसाला रिकामी टाकी पाहून पोर हिरमुसेल याची मला कल्पना आहे, पण त्याच्या वाढदिवसाचे मासे पुढच्या आठवड्यात एकेक करून उलटे तरंगू लागले तर त्याला होणारे दुःख फार मोठे असेल. म्हणून कारणांसह सविस्तर लिहितो.

माशाच्या शरीरातले टाकाऊ नत्र मुख्यतः अमोनियाच्या रूपाने कल्ल्यांवाटे थेट पाण्यात उतरते. त्यात विष्ठा आणि न खाल्लेले खाद्य कुजून आणखी अमोनियाची भर पडते. नदीत किंवा तळ्यात तो पसरून जातो आणि जिवाणू त्याचा फडशा पाडतात. पन्नास लिटरच्या काचेच्या पेटीत तो जिथल्या तिथे साठतो आणि माशांचे कल्ले जाळतो. पाणी काचेसारखे स्वच्छ दिसत असतानाच हे घडते, त्यामुळे मासा 'काहीच कारण नसताना' मेला असे घरच्यांना वाटते. नव्याने मासे पाळणाऱ्यांच्या बहुतेक चुकांचे मूळ मला इथेच दिसते: डोळ्यांना दिसणारी घाण आपण काढत बसतो आणि न दिसणारे विष विसरतो.

यावरचा उपाय तुझ्या रोजच्या परिचयाचा आहे. तुझ्या बागेतल्या द्राक्षाला दिलेले अमोनिकल नत्र (अमोनियाच्या रूपातले खत) मातीतले जिवाणू नायट्रेटमध्ये बदलतात, हे तुला मी सांगायला नको. हेच रूपांतर टाकीतही व्हावे लागते. नायट्रोसोमोनास गटाचे जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात आणि दुसऱ्या गटाचे जिवाणू त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात. जुन्या पुस्तकांत या दुसऱ्या कामाचे श्रेय नायट्रोबॅक्टरला दिलेले असे. १९९० च्या दशकातील संशोधनातून मात्र गोड्या पाण्याच्या टाक्यांमध्ये ते काम मुख्यतः नायट्रोस्पायरा करतात असे दिसून आले. नायट्राइटही कमी घातक नाही. ते रक्तातली प्राणवायू वाहण्याची क्षमताच कमी करते, त्यामुळे हवेचे बुडबुडे भरपूर चालू असतानाही मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकतात. नायट्रेट त्या मानाने सौम्य असते आणि पाण्याचा काही भाग बदलत राहिल्याने आटोक्यात राहते.

हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर, खडीवर आणि काचेवर वस्ती करतात, पण फार सावकाश वाढतात. नव्या टाकीत त्यांची पुरेशी वस्ती व्हायला साधारणपणे चार ते सहा आठवडे लागतात आणि थंड पाण्यात त्याहूनही अधिक. तेव्हा या काळात टाकी माशांविना चालव. फिल्टर रात्रंदिवस चालू ठेव आणि रोज खाद्याची एक छोटी चिमूट पाण्यात टाक, म्हणजे ते कुजून जिवाणूंना अन्न मिळेल. अमोनिया आणि नायट्राइट मोजण्याचे थेंबांचे किट माशांच्या दुकानात मिळते. प्रथम अमोनिया चढेल, मग तो उतरू लागेल आणि नायट्राइट चढेल. शेवटी खाद्य टाकत असूनही दोन्ही शून्यावर येतील आणि नायट्रेट दिसू लागेल. त्या दिवशी तुझी टाकी तयार झाली असे समज. दुकानदार 'चोवीस तास पाणी मुरू द्या, झाले' असे सांगतात. नळाच्या पाण्यातले क्लोरीन उडून जाण्यापुरते ते खरे आहे, जिवाणूंशी त्याचा काहीही संबंध नाही.

तुझ्या बाबतीत ही घाई अधिकच महाग पडेल. बागेसाठी केलेल्या पाणी परीक्षणाचा अहवाल तू मला दाखवला होतास. त्यात बोअरच्या पाण्याचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचे माप) आठच्या पुढे होता. अमोनियाची एकूण मात्रा तेवढीच असली तरी तिचा विषारी भाग सामू सातच्या तुलनेत आठला सुमारे दहापट असतो. आमच्याकडे गंगापूर धरणाचे पाणी येते, त्याला क्लोरीनची काळजी घ्यावी लागते आणि त्यासाठी दुकानात हायपोचे द्रावण मिळते. तू ग्रामपंचायतीच्या नळाचे पाणी वापरणार असलास तर त्यात टीसीएल पावडर (क्लोरीनची जंतुनाशक पावडर) असते, म्हणजे तुलाही हायपो लागेल. बोअरचे पाणी वापरलेस तर लागणार नाही. पिण्याच्या आरओचे पाणी शुद्ध म्हणून संपूर्ण टाकीत भरण्याचा मोह मात्र टाळ, कारण माशांना पाण्यातले क्षार काही प्रमाणात लागतातच.

तुझ्या बोअरच्या त्या जड, म्हणजे क्षार जास्त असलेल्या, पाण्याशी भांडत बसण्यापेक्षा त्यात आनंदाने राहणारे मासे निवडणे मला शहाणपणाचे वाटते. गप्पी, मॉली आणि प्लॅटी यांना असे पाणी मानवते. आरोग्य खाते डासांच्या अळ्यांसाठी हौदांत सोडते ते गप्पी मासे तू पाहिलेच आहेस, त्यांचेच हे रंगीत भाऊबंद. निऑन टेट्रा दिसायला मोहक, पण तो ॲमेझॉन खोऱ्यातल्या मऊ, आम्लधर्मी पाण्यातला. तुझ्याकडे त्याचे हाल होतील. दोन फुटी टाकीत काठोकाठ ५६ लिटर पाणी मावते, खडी आणि वरची मोकळी जागा सोडली तर ४५ लिटरच्या आसपास उरते. त्यात प्रथम पाच-सहा नर गप्पी सोड. माद्या नेल्यास महिनाभरात पिल्ले होऊ लागतील आणि पुढे ती ठेवायची कुठे हा प्रश्न पडेल.

गोल्डफिश नेऊ नकोस. तो लहान काचेच्या भांड्यात विकला जातो म्हणून भांड्यातला मासा आहे असा समज झाला आहे, प्रत्यक्षात साधा गोल्डफिश फूटभर होतो, दहा-पंधरा वर्षे सहज जगतो आणि घाणही खूप करतो. दुकानात 'शार्क' म्हणून मिळणारे बोटभर पिल्लू पंगॅसियसचे असते आणि ते मीटरभर वाढू शकते. 'टाकी साफ ठेवतो' म्हणून हमखास गळ्यात मारला जाणारा सकर मासाही दीड फुटापर्यंत जातो आणि शेवाळ खाऊन जितके साफ करतो त्याहून अधिक घाण करतो. मग असे वाढलेले मासे लोक नदीत नेऊन सोडतात. तुमच्या निफाड तालुक्यात तर नांदूरमधमेश्वर आहे, महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा). परदेशी सकर तिथल्या पाण्यात गेला तर स्थानिक माशांच्या मुळावर येईल. तेव्हा टाकीतला कोणताही मासा कधीही कालव्यात किंवा गोदावरीत सोडायचा नाही, हे नातवालाही आत्ताच समजावून सांग.

आता धुण्याविषयी. वहिनींचा स्वच्छतेचा आग्रह मला ठाऊक आहे, म्हणून हा भाग त्यांनाही वाचून दाखव. दर रविवारी मासे बादलीत काढायचे, सगळे पाणी ओतून द्यायचे, खडी घासून धुवायची आणि स्पंज नळाखाली पांढरा होईपर्यंत पिळायचा, ही पद्धत घरोघरी आहे. तिने महिनाभरात तयार झालेली जिवाणूंची वस्ती एका सकाळीत नष्ट होते आणि टाकी पुन्हा पहिल्या दिवसावर येते. त्याऐवजी आठवड्यातून एकदा पाव भाग पाणी नळीने काढावे, काढताना नळी खडीतून फिरवून तळाचा गाळ ओढून घ्यावा आणि साधारण त्याच तापमानाचे ताजे पाणी भरावे. स्पंज फक्त टाकीतून काढलेल्या त्या पाण्यातच हलका खळबळावा, तोही प्रवाह मंदावल्यावरच. त्याचा तपकिरी रंग राहू द्यावा. उन्हाळ्यात पाणी आटते म्हणून नुसते वरून भरत राहणेही चूक आहे, कारण वाफ होते ती पाण्याची. क्षार टाकीतच राहतात आणि जडपणा वाढत जातो.

रॉबर्ट वॉरिंग्टन नावाच्या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने १८५० साली मांडलेला प्रयोग मला फार आवडतो. त्याने दोन गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती एकत्र ठेवली. वनस्पतीची जुनी पाने कुजून पाणी बिघडू लागले, तेव्हा त्याने सगळे ओतून न देता त्यात गोगलगायी सोडल्या, त्यांनी ती पाने खाल्ली आणि पाणी निवळले. तीच व्हॅलिस्नेरिया तू लाव. ती जड पाण्यात जोमाने वाढते आणि नत्रही शोषून घेते. प्रकाश सहा ते आठ तास पुरे, आणि टाकी खिडकीच्या उन्हात असेल तर पाणी भरण्यापूर्वीच हलव. भरल्यावर ती सत्तर किलोच्या घरात जाईल.

तुझ्या घरी एक धोका मात्र असा आहे की जो शहरातल्या कोणाला सांगावा लागत नाही. ऑक्टोबर छाटणीनंतरच्या तुझ्या फवारण्या आता जोरात असतील. बोर्डो या बुरशीनाशक मिश्रणातले तांबे माशांना आणि गोगलगायींना अत्यल्प प्रमाणातही घातक असते, आणि पायरेथ्रॉइड गटाची कीटकनाशके तर माशांसाठी अतिशय जहाल आहेत. टाकीसाठी नवी बादली, नवा मग आणि नवी नळी आण, त्यांवर खूण कर आणि त्या औषधांच्या खोलीत कधीही ठेवू नकोस. फवारणीहून आल्यावर हात धुतले असले तरी त्या दिवशी टाकीत हात घालू नकोस. ते काम नातवाकडे दे. घराला लागून असलेल्या ओळींवर फवारा चालू असेल तेवढा वेळ एअर पंप बंद ठेव आणि खिडक्या लावून घे, कारण पंप खोलीतली हवाच पाण्यात ढकलतो.

थंडीही तोंडावर आली आहे. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा कधी कधी पाच अंशांच्या आसपास उतरतो. घरात तितके होणार नाही, पण गप्पींना २४ ते २६ अंश हवे असते. ५० वॅटचा थर्मोस्टॅटचा हीटर घे आणि पाणी काढण्यापूर्वी तो आठवणीने बंद कर. वीज तासन्‌तास गेली तर फिल्टरमधले जिवाणू प्राणवायूअभावी मरू लागतात, म्हणून बॅटरीवर चालणारा छोटा पंप जवळ असू दे. खाद्य दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल इतकेच. आणि मासा मलूल दिसला की दुकानातले निळे औषध थेट टाकीत ओतू नकोस, कारण त्याने जिवाणूही मरतात. आधी अमोनिया मोज आणि पाव भाग पाणी बदल.

या रविवारी तू नातवाला घेऊन अवश्य ये. माझ्या टाकीचा जुना फिल्टर-स्पंज मी तुला अर्धा कापून देणार आहे. विरजणासारखाच त्याचा उपयोग होईल आणि तुझा महिन्याचा काळ बराच कमी होऊ शकेल. गेल्या कित्येक महिन्यांत मी नवा मासा आणलेला नाही आणि आजारही नाही, त्यामुळे रोग सोबत येण्याची भीती फारशी नाही. तो स्पंज टाकीच्याच पाण्यात, झाकण सैल ठेवलेल्या डब्यात न्यायचा आणि पोचल्याबरोबर चालू फिल्टरमध्ये बसवायचा आहे, म्हणून निघण्यापूर्वीच तुझी टाकी भरून, हीटर लावून चालू करून ये आणि वाटेत ओझरला कोणाकडे चहाला थांबू नकोस. येताना बोअरच्या पाण्याची एक बाटली आण, म्हणजे सामू आणि जडपणा इथेच मोजून पाहू. व्हॅलिस्नेरियाची रोपे मी काढून ठेवतो. ती नातवाला आजोबांच्या मित्राकडून वाढदिवसाची भेट.

वहिनींना नमस्कार, लहानग्यास अनेक आशीर्वाद.

तुझा,
विनायक