डोळे चोळू नकोस

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

परवा व्हिडिओ कॉलवर तू सहलीचं सांगत होतास, पण माझं अर्धं लक्ष तुझ्या उजव्या हाताकडे होतं. बोटाचं पेर वाकवून डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात खुपसायचं आणि गरागरा फिरवायचं, ही तुझी पाचवीपासूनची सवय. दहा मिनिटांत चार वेळा. मी मोजलं. फोनवर बोललो असतो तर तू ‘हो बाबा’ म्हणून विषय बदलला असतास, म्हणून लिहितोय.

वसंत आला की तुझे डोळे खाजतात, हे काही नवीन नाही. तू दोष देतोस खिडकीबाहेरच्या फुलांना, पण ती बिचारी निर्दोष असतात. रंगीत, देखण्या फुलांचे परागकण जड आणि चिकट असतात. ते नेण्याचं काम कीटक करतात. त्रास देतात ती गवतं आणि झाडं, ज्यांचा मोहोर कुणाच्या नजरेतही भरत नाही. त्यांचे हलके परागकण वाऱ्यावर मैलोन् मैल जातात. ते डोळ्यात गेले की पांढऱ्या भागावरच्या पातळ पडद्यातल्या पेशी हिस्टामाइन नावाचं रसायन सोडतात, आणि खाज, पाणी, लाली सुरू. गंमत अशी की चोळल्याने त्याच पेशींमधून आणखी हिस्टामाइन बाहेर पडतं. दोन मिनिटं बरं वाटतं, मग दुप्पट खाज.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी पत्र लिहीत बसलो नसतो. डोळ्याच्या पुढची पारदर्शक काच, म्हणजे कॉर्निया, मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असते. वर्षानुवर्षं तिला रगडणाऱ्यांमध्ये ती पातळ होऊन शंकूसारखी पुढे येण्याचा धोका वाढतो. त्याला केरॅटोकोनस म्हणतात. तो बहुधा तुझ्याच वयात डोकं वर काढतो, आणि चष्म्याचा तिरका नंबर, तो ‘सिलिंड्रिकल’ म्हणतात तो, पुन्हा पुन्हा बदलणं ही त्याची एक खूण. तुझा दोन वर्षांत दोनदा बदललाय. घाबरवत नाही, बऱ्याचदा काहीच निघत नाही. पण डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन कॉर्नियाचा नकाशा काढून घे. टोपोग्राफी म्हणालास की त्यांना कळेल. दुखत नाही, वेळही लागत नाही. चष्म्याच्या दुकानातल्या नंबर तपासणीवर भागवू नकोस.

खाज आलीच तर काय करायचं? स्वच्छ रुमाल गार पाण्यात बुडवून पिळ आणि मिटलेल्या डोळ्यांवर पाच-दहा मिनिटं ठेव. कृत्रिम अश्रूंचे थेंब फ्रिजमध्ये ठेवून वापर. गारवाही मिळतो आणि परागकणही धुऊन निघतात. थेंब एकच टाक. डोळ्यात मुळात एक थेंबही पुरता मावत नाही, बाकीचा गालावरून ओघळतो. बाहेरून आलास की आधी हात आणि तोंड धू, आणि झोपण्यापूर्वी डोकं. केसांतले परागकण रात्रभर उशीवर उतरतात आणि तू त्यांच्यात तोंड खुपसून झोपतोस. बाहेर पडताना बाजूनेही झाकणारा गॉगल घाल, त्यावर यूव्ही ४०० लिहिलेलं बघून घे. नुसती काळी काच नको. तिच्याआड बाहुली मोठी होते आणि अतिनील किरणांना उलट जास्त वाट मिळते. डोळे लाल असेपर्यंत कॉन्टॅक्ट लेन्सला हात लावायचा नाही.

आता माझा मूर्खपणा. तू लहान असताना एका वसंतात माझे डोळे असेच पेटले होते. डॉक्टरांनी आठवडाभरासाठी थेंब दिले आणि जादू झाल्यासारखी लाली गेली. पुढच्या वर्षी मी न विचारता तेच आणले, आणि पुढे तीन महिने मजेत टाकत राहिलो. त्यात स्टेरॉइड होतं, आणि त्याने डोळ्यातला दाब वाढू शकतो. हा दाब साधारण १० ते २१ मिलिमीटर पारा असतो, माझा २९ निघाला. ना दुखलं, ना धूसर दिसलं. चष्म्याचा नंबर काढायला गेलो नसतो तर कळलंही नसतं. असा दाब टिकला तर काचबिंदू होऊ शकतो आणि गेलेली नजर परत येत नाही. थेंब बंद केले, दाब उतरला, माझं नशीब. तेव्हा मित्राच्या कपाटातली बाटली नको, आणि ‘लाली घालवणारे’ थेंबही रोज नकोत. ते सोडले की लाली आणखी वाढून येते.

नुसती खाज असेल तर वरचे उपाय पुरेत. पण डोळा दुखला, उजेड सोसेना, नजर अंधुक झाली, घट्ट पिवळा चिकटा आला किंवा एकच डोळा लाल झाला, तर ॲलर्जी समजून घरी बसायचं नाही. त्याच दिवशी जायचं.

तुझ्या जुन्या नंबरांचे तिन्ही कागद सापडले. सोबत पाठवतोय. डॉक्टरांना तुलनेला लागतील. आई म्हणते मी उगाच काळजी करतो, पण कागद तिनेच शोधून दिले.

रविवारी फोन करशील तेव्हा हात कॅमेऱ्यात दिसतील असा बस.

तुझा,
बाबा