आधी मशीन, मग पाया

जुबेल, सौदी अरेबिया
शुक्रवार

तीर्थरूप आबांस,
साष्टांग नमस्कार.

मागच्या फोनला तुम्ही विचारलंत, "दोन वर्षं झाली, तुझी खरेदी अजून सरंना व्हय?" मागून आई हसलेली ऐकू आली. तेव्हा साइटवर होतो, आजूबाजूला क्रेनचा गोंगाट, नीट बोलता आलं नाही. आज सुट्टी आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

तासगावात आपण घराचा पाया भरला तेव्हा आत फ्रिज कुठला येणार, हे कुणी विचारलं नव्हतं. इथं प्लांट उभा करताना उलटं. कॉम्प्रेसर, म्हणजे वायू दाबणारं मोठं मशीन, आधी विकत घ्यायचा, पाया मागनं. मशीनचं वजन किती, बोल्ट नेमके कुठं येणार, हे मशीन बनवणाऱ्याच्या ड्रॉइंगमध्ये असतं, आणि ते हातात आल्याशिवाय सिव्हिलवाले काँक्रीट ओतत नाहीत. मशीन यायला ऑर्डरनंतर वर्ष-दीड वर्ष जातं, त्याची सगळ्यांना सवय असते. पण कागद महिनाभर लांबला की इथं खड्डा तसाच उघडा. त्यामुळं माझे निम्मे फोन मालासाठी नसतात, कागदासाठी असतात. याला आमच्यात एक्स्पीडायटिंग म्हणतात. आपल्या भाषेत तगादा. उसाच्या बिलासाठी तुम्ही लावता तसाच, फक्त इथं त्याचा पगार मिळतो.

तारखा आम्ही उलट्या मोजतो. मशीन पायावर अमुक दिवशी बसायचं, तर बंदरात कधी, जहाजावर कधी, कारखान्यात तपासणी कधी, ऑर्डर कधी. तुम्ही नाही का, घड उतरायच्या आधीच बेदाण्यासाठी डिपिंग ऑइल, कार्बोनेट आणून ठेवता आणि शेडच्या जाळ्या धुऊन घेता? आयत्या वेळी ऑइल मिळालं नाही तर द्राक्ष थांबत नाही. त्यातून युरोपातला माल म्हटलं की समुद्राचा भरवसा नाही. 2023 च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि बऱ्याच कंपन्यांनी सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालायला सुरुवात केली. दहा-बारा दिवस तिथंच वाढतात. 2021 च्या मार्चमध्ये तर 400 मीटर लांबीचं एकच जहाज कालव्यात आडवं झालं आणि सहा दिवस सगळी वाहतूक बंद.

माल आला म्हणजे सुटलो, असंही नाही. गोदामात पडलेल्या पंपाचा शाफ्ट, म्हणजे फिरता दांडा, ठरावीक दिवसांनी हातानं फिरवून ठेवावा लागतो, नाहीतर एकाच जागी भार राहून बेअरिंगवर खुणा पडतात. मोठ्या मोटरच्या आतला हीटर चालू ठेवायचा, दमट हवा शिरू नये म्हणून. पावसाळ्यात तुम्ही ट्रॅक्टर चार दिवसांनी नुसताच सुरू करून ठेवता, मी लहानपणी डिझेल वाया जातं म्हणून तुमच्याशी भांडलो होतो. आता तेच काम मी रजिस्टरात सही घेऊन करून घेतो.

आता माझी एक चूक सांगतो. दादाला सांगू नका, वर्षभर चिडवेल.

दोन पाइपांच्या तोंडांमध्ये गॅस्केट बसतं. बाहेर लोखंडी कडं, आत स्टीलच्या पट्टीचं आणि ग्रॅफाइटचं वेटोळं, अगदी चकलीसारखं. कड्याच्या काठाला रंग असतो: पिवळा म्हणजे 304 स्टील, हिरवा म्हणजे 316, वर करडे पट्टे म्हणजे ग्रॅफाइट. बॉक्स उघडला. काठ हिरवा, पट्टे करडे, पाइपाचं माप सहा इंच. मी सही करून मोकळा. क्लास, म्हणजे किती दाबासाठी आहे तो आकडा, वाचलाच नाही. हवा होता 300, आला होता 150. सहा इंचात 150 चं कडं 222 मिलिमीटरचं, 300 चं 251. दीड महिन्यानं फिटरनं ते बोल्टांच्या मध्ये धरलं आणि म्हणाला, "साब, ये तो नाच रहा है." थोरल्या डब्याला धाकट्याचं झाकण! एवढाल्या टॉवरची पाइपलाइन काखेत मावेल एवढ्या खोक्यासाठी अडून राहिली. शेवटी नवी गॅस्केटं विमानानं आली, मालापेक्षा भाडं जास्त. साहेब ओरडले नाहीत. फक्त जुन्या खोक्यावरचं लेबल सगळ्यांसमोर मला मोठ्यानं वाचायला लावलं.

कॉम्प्रेसर जहाजावर चढलाय, म्हणून ऑक्टोबर छाटणीला येतो म्हटलं होतं ते जमणार नाही. तो पायावर बसला की रजा मिळेल, बेदाणा शेडवर पडायच्या वेळेला नक्की असेन.

वरच्या मजल्याच्या चौकटी आत्ता सांगायच्या की नंतर, असं तुम्ही विचारलंत. आत्ताच सांगा. गवंडी भिंत चढवायला लागला आणि चौकट नसली तर तो चार दिवस दुसऱ्याच्या कामाला जाईल आणि परत महिन्यानं उगवेल. सुताराला ॲडव्हान्स द्या, पण सगळा नको. आणि माप तुम्ही स्वतः टेप लावून घ्या, दादाच्या "अंदाजे साडेतीन फूट"वर जाऊ नका.

आईच्या गुडघ्याचं औषध संपत आलं असेल. या वेळी दोन महिन्यांचं एकदम आणा.

तुमचा,
बाळू