कार्डासाठी घेतलेला कॉम्बो आणि त्यातून वगळलेले कार्ड

दिनांक : ७ जून २०२१

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार निवारण विभाग

विषय : १४ एप्रिल २०२१ च्या कॉम्बो ऑर्डरमधील ग्राफिक्स कार्ड परस्पर रद्द केल्याबाबत

महोदय / महोदया,

१४ एप्रिलला मी आपल्या संकेतस्थळावरून संगणकाच्या भागांचा एक कॉम्बो मागवला. त्यात आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड (१२ जीबी), बी५५० चिपसेटचा मदरबोर्ड आणि ७५० वॅटचा पॉवर सप्लाय अशा तीन वस्तू होत्या. पूर्ण रक्कम त्याच दिवशी भरली. मदरबोर्ड आणि पॉवर सप्लाय १९ एप्रिलला घरी पोहोचले. कार्ड ‘लवकरच’ येणार होते. ३१ मे रोजी, म्हणजे ४७व्या दिवशी, दोन ओळींचा ईमेल आला : पुरवठादाराकडून माल न आल्याने आपल्या ऑर्डरमधील एक वस्तू रद्द करण्यात येत आहे. कार्डाचे तेवढे पैसे परत जमा झाले. उरलेल्या दोन वस्तू माझ्या गळ्यात राहिल्या.

पण ती ‘एक वस्तू’ हाच सगळा कॉम्बो होता. सुटे कार्ड आपण विकतच नव्हता. कार्ड हवे असेल तर सोबत बोर्ड आणि सप्लाय घ्या, ही अट आपली. ३०६० ला १७० वॅट लागतात, त्यासाठी निर्माता ५५० वॅटचा सप्लाय पुरेसा मानतो, आणि माझ्याकडे ६५० वॅटचा ठणठणीत सप्लाय आधीपासून आहे. तरी आपला ७५० वॅटचा घेतला, कारण कार्डापर्यंत जायला दुसरी वाटच ठेवली नव्हती. त्याचा खोका आजही सीलबंद आहे. वरची टेपसुद्धा मी सोडवलेली नाही.

टंचाईबद्दल माझी तक्रार नाही, हे आधीच सांगते, कारण आपल्या चॅटवर प्रत्येक वेळी मला टंचाईच समजावून सांगितली गेली. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, एवढे मला कळते. रायझन प्रोसेसर, रेडिऑन कार्डे आणि दोन्ही नवे गेमिंग कन्सोल टीएसएमसी या तैवानी चिप-उत्पादकाच्या ७ नॅनोमीटर क्षमतेतूनच आपापला वाटा मागतात. एनव्हिडियाची ३० मालिका, म्हणजे ३०६० ज्यातले ती, सॅमसंगकडे ८ नॅनोमीटरवर बनते, आणि चिपचा नवा कारखाना महिन्या-दोन महिन्यांत उभा राहत नाही. वर इथेरियमचे मायनिंग, म्हणजे ग्राफिक्स कार्डांवर आकडेमोड करून ते आभासी चलन कमावणे. २५ फेब्रुवारीला ३०६० बाजारात आले तेव्हा मायनिंगचा वेग निम्म्यावर आणणारा लगाम त्यात घातला होता, आणि मार्चमध्ये एनव्हिडियाच्याच एका बीटा (चाचणीच्या) ड्रायव्हरने, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरने, तो चुकून मोकळा केला. यातले काहीच आपल्या हातात नव्हते. म्हणून तर ४७ दिवसांत मी एकही चढ्या आवाजातला ईमेल पाठवला नाही.

आपल्या हातात रांग होती.

ऑर्डरच्या पानावर आपण प्रतीक्षा क्रमांक दाखवता. माझा १४ एप्रिलला ६१ होता. ५ मे रोजी ४०, १९ मे रोजी १७ आणि २८ मे रोजी ३. रोज सकाळी पहिले काम ते पान उघडणे, अशी सवयच लागली होती. १७ वरून ९ दिवसांत ३ झाला याचा अर्थ या काळात कार्डे येत होती आणि कुणाला तरी मिळत होती. मग माझ्यापुढे दोघे उरलेले असताना पुरवठादार अचानक आटला. रद्द केल्याचा ईमेल आला त्याच ३१ मेच्या संध्याकाळी सात वाजून वीस मिनिटांनी तेच कार्ड, त्याच मॉडेल क्रमांकाचे, आपल्या संकेतस्थळावर ‘उपलब्ध’ असे दिसले. या वेळी सुटे, कॉम्बोची अट नाही, आणि माझ्या ऑर्डरमध्ये धरलेल्या किमतीच्या जवळजवळ दीडपट दराने. दोन्ही पानांचे स्क्रीनशॉट सोबत जोडले आहेत, घड्याळासकट. योगायोग असेलही. तसा असेल तर तो समजावून सांगायला सात दिवस पुरेसे होते. १ जूनला मी हाच प्रश्न विचारला, त्यावर आजवर ‘आपला संयम आमच्यासाठी मोलाचा आहे’ हे एकच वाक्य चार वेळा आले आहे. चारही वेळा ‘सर’ म्हणून. माझे नाव ऑर्डरवर ठळक छापलेले आहे.

आता घरी काय झाले ते. माझा प्रोसेसर रायझन ५ ५६००एक्स आहे. त्यात स्वतःचे ग्राफिक्स नाही, म्हणजे कार्डाशिवाय पडद्यावर चित्र येत नाही. बोर्डाच्या मागे एचडीएमआयचे पोर्ट आहे खरे, पण या प्रोसेसरबरोबर ते शोभेचे. एप्रिलच्या अखेरीस मी सगळी जुळणी केली, बटण दाबले, पंखे फिरले, रॅमचे दिवे लागले आणि मॉनिटरवर ‘नो सिग्नल’ची पाटी इकडून तिकडे सरकत राहिली. बोर्डाच्या कोपऱ्यात ‘व्हीजीए’ लिहिलेल्या जागी एक बारीकसा पांढरा दिवा लागून राहतो, कार्ड सापडत नाही म्हणून. बोर्ड सदोष आहे की नाही हे तरी कळावे म्हणून भाच्याच्या अडगळीतले १ जीबीचे जीटी ७१० हे जुने कार्ड आणून लावले. तेव्हा कुठे बायोस, म्हणजे बोर्डाचा सुरुवातीचा पडदा, दिसले. त्या कार्डावर चित्र उमटते, काम होत नाही. मी इमारतींचे थ्रीडी वॉकथ्रू करते. माझा साधा सीनसुद्धा ६-७ जीबी ग्राफिक्स मेमरी मागतो.

एक चूक माझीही आहे. ऑर्डर पक्की झाल्याचा ईमेल आल्यावर मी जुने कार्ड विकून टाकले. चार वर्षे वापरलेले, तरी जवळपास घेतलेल्याच किमतीला गेले, म्हणजे टंचाईचा फायदा मीही उचलला. त्याचे खापर आपल्यावर फोडत नाही. पण ‘ऑर्डर पक्की’ या दोन शब्दांवर विसंबून मी ते केले, आणि ते शब्द आपले होते.

रद्द केल्यानंतर आपल्या प्रतिनिधीने ‘समतुल्य पर्याय’ म्हणून जीटीएक्स १०५० टीआय देऊ केले. ते कार्ड २०१६ च्या ऑक्टोबरमधले आहे. ४ जीबी मेमरी, रे ट्रेसिंगचे, म्हणजे प्रकाश-सावल्यांचे हुबेहूब गणित करणारे, कोअर नाहीत. टंचाईमुळे यंदा त्याचा पुरवठा पुन्हा सुरू झाला आहे, आणि ते शिल्लक का राहते हेही उघड आहे : इथेरियमच्या मायनिंगला लागणारी डॅग नावाची फाइल कार्डाच्या मेमरीत मावावी लागते, आणि ती २०२० च्या अखेरीस ४ जीबीच्या पुढे गेली, तेव्हापासून मायनिंगवाल्यांना त्यात रस नाही. मायनरने टाकलेले कार्ड रेंडरिंग करणाऱ्याच्या माथी मारायचे, आणि त्याला समतुल्य म्हणायचे! चित्र दिसण्यापुरता पर्याय म्हणून ते देऊ केले असते तर मी एवढी चिडले नसते.

राहता राहिली परतीची गोष्ट. बोर्ड आणि सप्लाय परत घ्या असे २ जूनला कळवले, तर उत्तर आले की परतीची मुदत वस्तू मिळाल्यापासून १० दिवसांची, ती २९ एप्रिललाच संपली. २९ एप्रिलला आपल्या पानावर ऑर्डरची स्थिती ‘प्रक्रियेत’ होती. जे कार्ड येणार असल्याचे आपणच सांगत होता, ते येणार नाही असे गृहीत धरून मी उरलेले सामान परत पाठवायला हवे होते का? कॉम्बो विकताना तीन वस्तूंचा एक व्यवहार आणि परत घेताना तीन वेगळे, असे दोन्हीकडून चालणार नाही. मुदत मोजायची तर शेवटची वस्तू हाती पडल्यापासून मोजा. ती अजून पडलेलीच नाही. बोर्ड मी उघडला आहे, त्यावर प्रोसेसर आणि कूलर बसवला आहे, हे मान्य. पण तो आपल्याच कार्डाची वाट पाहत उघडला.

माझी मागणी अशी. पहिली पसंती अर्थातच कार्डाला : येणाऱ्या पहिल्या खेपेतले ३०६०, १४ एप्रिलच्या ऑर्डरमधील किमतीला, रांगेतला माझा तिसरा क्रमांक कायम ठेवून. परत केलेली रक्कम मी त्याच दिवशी पुन्हा भरेन, बोर्ड आणि सप्लायही ठेवून घेईन. मात्र त्यांची वॉरंटी कार्ड मिळाल्याच्या तारखेपासून धरावी, कारण दीड महिना ती काहीही चाललेले नसताना नुसतीच सरते आहे. हे जमणार नसेल तर दोन्ही वस्तू न्यायला आपला माणूस पाठवावा आणि पूर्ण रक्कम, पाठवणीच्या खर्चासह, परत करावी. उघडलेल्या बोर्डाबद्दल कपात मान्य नाही. १०५० टीआयचा विषय पुन्हा काढू नये.

दोन्हींपैकी काहीही केले तरी एका प्रश्नाचे लेखी उत्तर हवे : २८ ते ३१ मे या चार दिवसांत या मॉडेलची किती कार्डे आपल्याकडे आली, आणि ती रांगेतल्या कोणत्या क्रमांकांना गेली?

२१ जूनपर्यंत उत्तर न आल्यास सोबतची सर्व कागदपत्रे जोडून बोर्ड आणि सप्लायच्या रकमेसाठी बँकेकडे चार्जबॅकचा, म्हणजे भरलेले पैसे बँकेमार्फत परत मिळवण्याचा, अर्ज करणार आहे. उत्तर ईमेलनेच द्यावे, चॅटवर नको.

आपली,
एक ग्राहक (सर नव्हे)

सोबत : बिलाची प्रत, ऑर्डर पक्की झाल्याचा आणि रद्द केल्याचा ईमेल, प्रतीक्षा क्रमांकाचे चार स्क्रीनशॉट, ३१ मेच्या संध्याकाळचा स्क्रीनशॉट, सीलबंद पॉवर सप्लायचे छायाचित्र