थकव्याचा अर्ज वाचतो कोण?

प्रति,
मा. संपादक,

विषय : वैमानिक संघटना आणि विमानसुरक्षा

महोदय,

डिसेंबर 2025 च्या पहिल्या आठवड्यात, वैमानिकांच्या विश्रांतीच्या नव्या नियमांपुढे वैमानिक कमी पडून इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली, तेव्हा ‘वैमानिकांचे लाड केले आणि प्रवासी लटकले’ असे म्हणणारे पुष्कळ भेटले. वैमानिकांची संघटना म्हटली की पगारवाढ आणि सामूहिक आजारपण, एवढेच आपल्या डोळ्यांपुढे येते. त्याला कारणेही आहेत. 2009 मध्ये जेट एअरवेजमध्ये संघटना काढली म्हणून दोघांना काढले आणि त्यावर शेकडो वैमानिक एकदम ‘आजारी’ पडले. 2012 मध्ये ड्रीमलायनरच्या प्रशिक्षणावरून एअर इंडियात जवळपास दोन महिने संप चालला. मुंबईकर प्रवासी हे विसरलेले नाहीत. पण सुरक्षेच्या बाबतीत संघटना जे काम करते ते याहून बरेच कंटाळवाणे असते. रोस्टर (ड्यूटीचे वेळापत्रक), अर्ज, उड्डाणाचा डेटा आणि चौकशी अहवाल यांत ते चालते. त्या कामासाठी आपल्या व्यवस्थेत खुर्चीच ठेवलेली नाही, म्हणून हे पत्र.

आधी ज्या नियमांवरून गदारोळ झाला ते पाहू. डीजीसीएने, म्हणजे आपल्या नागरी विमान वाहतूक नियामकाने, 8 जानेवारी 2024 रोजी ड्यूटी आणि विश्रांतीचे सुधारित नियम जाहीर केले. साप्ताहिक सलग विश्रांती 36 तासांवरून 48 तास झाली. ‘रात्र’ पूर्वी 12 ते पहाटे 5 धरत, ती 6 पर्यंत वाढली. रात्रीत मोडणाऱ्या ड्यूटीत पूर्वी सहा लँडिंगपर्यंत मुभा होती, ती दोनवर आली. उड्डाणाचा वेळ 8 तास आणि एकूण ड्यूटी 10 तास, ही मर्यादाही लागली.

पाचचे सहा केले तर एवढे काय बिघडले, असे वाटू शकते. माणसाचे शरीर पहाटे 2 ते 6 या वेळात सर्वांत मंद असते. सव्वापाचला रिपोर्टिंग असलेला वैमानिक तीनच्या सुमारास उठतो, कारण पिकअपची गाडी चारला दारात येते. आदल्या संध्याकाळी सातला झोपायचे ठरवले तरी झोप येत नाही, कारण शरीर झोपेला तयार नसते. म्हणजे चार-साडेचार तासांची झोप. जुन्या व्याख्येत ही ड्यूटी रात्रीची नव्हतीच. चार लँडिंग करून तो दुपारी घरी परतला की रोस्टरमध्ये ती सरळ दिवसपाळी म्हणून लागे. अशा तीन-चार पहाटा लागोपाठ आल्या की शेवटच्या दिवशीच्या चौथ्या लँडिंगला काय होते? चेकलिस्टची ओळ वाचली जाते पण डोक्यात शिरत नाही, रेडिओवर उंची एक सांगितली जाते आणि दुसरीच लावली जाते, वेग घसरलेला दोघांच्याही उशिरा लक्षात येतो. सलग सतरा तास जागा असलेला माणूस रक्तात 0.05 टक्के मद्यांश असलेल्या माणसासारखा वागतो, हे प्रयोगांतून दिसलेले आहे. मद्याची चाचणी उड्डाणाआधी होते. झोपेची चाचणी करणारे यंत्र नाही.

22 मे 2010 ची मंगळूरची दुर्घटना याच पहाटेच्या पट्ट्यातली. दुबईहून आलेले विमान सकाळी सहाच्या सुमारास टेबलटॉप (डोंगरमाथ्यावरच्या) धावपट्टीच्या पलीकडे दरीत गेले. 158 जण मृत्युमुखी पडले, आठ वाचले. कॉकपिटमधल्या ध्वनिमुद्रणात पहिली सुमारे 1 तास 40 मिनिटे संभाषणच नाही, अधूनमधून घोरण्याचा आवाज आहे. उतरण्याच्या वेळी विमान फार उंचावर होते. सहवैमानिकाने ‘गो अराउंड’ (लँडिंग सोडून पुन्हा वर चला) म्हणून तीनदा सांगितले, धोक्याच्या सूचना वाजत राहिल्या, तरी कमांडरने लँडिंग सोडले नाही. लँडिंग न सोडणे हे थेट कारण; आणि लांबलेल्या झोपेतून उठल्यावर डोक्यावर राहणारी धुंदी हा त्याला हातभार लावणारा घटक, असे चौकशी अहवालाने लिहिले. एवढे लेखी असूनही साप्ताहिक विश्रांती 48 तासांवर यायला पंधरा वर्षे गेली.

यात संघटनांचा वाटा कोणता? नवे नियम मुळात 1 जून 2024 पासून लागू व्हायचे होते. कंपन्यांनी मुदत मागितली आणि तारीख पुढे गेली. इंडियन कमर्शियल पायलट्स असोसिएशन, फेडरेशन ऑफ इंडियन पायलट्स आणि अल्पा इंडिया यांनी दिल्ली उच्च न्यायालयात प्रकरण लावून धरले, तेव्हा कुठे टप्पे ठरले : 22 पैकी 15 कलमे 1 जुलै 2025 पासून, उरलेली 1 नोव्हेंबर 2025 पासून. घोषणा ते अखेरचा टप्पा, जवळजवळ 22 महिने. परवानाधारक उमेदवाराला टाइप रेटिंग (त्या जातीचे विमान उडवण्याची पात्रता), सिम्युलेटर आणि लाइन ट्रेनिंग (प्रत्यक्ष उड्डाणांवरचे प्रशिक्षण) देऊन सहवैमानिक म्हणून बसवायला काही महिने लागतात. कमांडर घडायला मात्र वर्षे लागतात, आणि कमी पडले ते कमांडरच. तेव्हा डिसेंबरातल्या हालांचे माप नियमांच्या पदरात घालण्यापूर्वी भरतीचे वेळापत्रक तपासायला हवे होते.

5 डिसेंबरला डीजीसीएने काय केले हेही बारकाईने पाहण्यासारखे आहे. रात्रीच्या कलमांतून इंडिगोला 10 फेब्रुवारी 2026 पर्यंत सूट मिळाली, त्याची बातमी सगळीकडे झाली. त्याच दिवशी ‘साप्ताहिक विश्रांतीच्या जागी रजा धरता येणार नाही’ ही सूचनाही मागे घेतली गेली, तिच्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. दोन साप्ताहिक विश्रांतींमध्ये 168 तासांहून जास्त अंतर पडू द्यायचे नाही, असा नियम आहे. वैमानिकाने बहिणीच्या लग्नासाठी तीन दिवस रजा घेतली आणि त्यातलेच 48 तास विश्रांती म्हणून दाखवले, की परत आल्यावर 168 तासांचे घड्याळ शून्यापासून सुरू. कागदावर विश्रांती झाली, रजाही खर्ची पडली, आणि माणूस मांडवातून थेट पहाटेच्या ड्यूटीवर. (लग्नघरात कोण कधी झोपले आहे!) अल्पा इंडियाने तेव्हा विरोध केला, पण तोवर तो ‘प्रवाशांच्या विरुद्ध’ ठरून गेला होता.

2024 च्या नियमांत आणखी एक चांगली तरतूद आहे. कंपनीने दर तिमाहीला वैमानिकांनी दिलेले थकव्याचे अर्ज, त्यांचे विश्लेषण आणि केलेली कार्यवाही डीजीसीएला पाठवायची. आणि हे अर्ज गोपनीय ठेवायचे, त्यावरून शिक्षा करायची नाही. घोडे अडते ते इथेच. अर्ज लिहितो वैमानिक, वाचतो कंपनीचा अधिकारी, विश्लेषण कंपनीचे आणि गोपनीयतेची हमीही कंपनीचीच. ‘मी थकलो आहे, पुढचा सेक्टर (उड्डाण) करू शकत नाही’ असे सांगणाऱ्याची त्या दिवशीची नोंद थकवा म्हणून राहते की वैद्यकीय रजेत जाते, हे बाहेरच्या कुणालाही दिसत नाही. शिवाय 2017 च्या नियमानुसार नोकरी सोडायला कमांडरला बारा आणि सहवैमानिकाला सहा महिन्यांची नोटीस द्यावी लागते. बोललो तर नजरेत येऊ आणि सोडतो म्हटले तर वर्षभर त्याच रोस्टरखाली काढायचे, अशा कात्रीत माणूस अर्ज न लिहिणेच पसंत करतो.

हीच गाठ अमेरिकेत कशी सोडवली ते पाहण्यासारखे आहे. तिथली एअर लाइन पायलट्स असोसिएशन, म्हणजे मूळ अल्पा, 1931 मध्ये शिकागोत स्थापन झाली. पगाराच्या वाटाघाटी प्रत्येक कंपनीतली निवडून आलेली समिती करते. सुरक्षेचे काम करणारी शाखा वेगळी आहे. तिथले बहुतेक कार्यकर्ते उडणारे वैमानिकच असतात, आणि ते या कामासाठी ड्यूटी सोडतात तेव्हा त्या तासांचे पैसे संघटना कंपनीला भरते.

चूक झाली, उंची चुकली, चुकीच्या टॅक्सीवेवर वळलो, असे काही घडले की वैमानिक साधारणपणे 24 तासांत स्वतःहून अर्ज देतो. तो तीन जणांच्या समितीपुढे जातो : एक कंपनीचा, एक नियामक एफएएचा, एक संघटनेचा. निर्णय एकमताने व्हावा लागतो, बहुमत चालत नाही. मुद्दाम केलेला बेफिकीरपणा, गुन्हा, दारू किंवा अमली पदार्थ, खोटी माहिती यांना आत प्रवेश नाही. बाकीच्या अर्जांवर कंपनी शिस्तभंगाची कारवाई करत नाही आणि एफएए परवान्याला हात लावत नाही. बदल्यात समिती जास्तीचे सिम्युलेटर प्रशिक्षण सांगू शकते, आणि ते टाळता येत नाही. एरवी कुणालाही कळल्या नसत्या अशा कितीतरी गोष्टी केवळ या अर्जांतून बाहेर येतात. एखाद्या विमानतळावर एकाच वळणावर वेगवेगळे वैमानिक चुकत असतील, तर दोष नकाशात किंवा खुणांत आहे हे त्यामुळेच दिसते.

उड्डाणाच्या डेटाचेही तसेच. विमानातल्या नोंदींवरून संगणक मर्यादाभंग शोधतो : लँडिंग जोरात झाले, खाली येण्याचा वेग जास्त होता, फ्लॅप लावताना वेग मर्यादेबाहेर होता. विश्लेषकाला नाव दिसत नाही. नावाची किल्ली ‘गेटकीपर’कडे असते, आणि तो संघटनेने नेमलेला वैमानिक असतो. त्याने फोन करून ‘त्या दिवशी काय झाले?’ विचारले, तर समोरचा मोकळेपणाने सांगतो : कंट्रोलरने उशिरा खाली सोडले, मागून वारा होता, सहवैमानिक नवा होता. हाच फोन कंपनीच्या मुख्य वैमानिकाच्या कार्यालयातून आला, तर उत्तर एका ओळीत संपते. लँडिंग जोरात झाले की आधी ड्यूटीवरून उतरवायचे आणि मग विचारायचे, ही पद्धत असेल तिथे वैमानिक जोराचे लँडिंग टाळण्यासाठी विमान धावपट्टीवर तरंगवत नेतो. पावसाळ्यात ओल्या, आखूड धावपट्टीवर ही सवय जोरात आपटण्याहून महाग पडते.

अपघात चौकशीतही संघटनेला तिथे स्थान आहे. अपघातांची चौकशी करणारी एनटीएसबी ही सरकारी संस्था तिला ‘पार्टी’ (चौकशीतला सहभागी) म्हणून घेते : फक्त तांत्रिक माणसे, वकील आणि विमावाले वर्ज्य. पत्रकारांशी बोलायचे नाही, विश्लेषणाच्या टप्प्यावर बाहेर थांबायचे, शेवटी आपले निष्कर्ष लेखी द्यायचे. 12 जून 2025 च्या अहमदाबाद दुर्घटनेनंतर आपल्याकडे नेमके उलटे झाले. 12 जुलैच्या प्राथमिक अहवालात इंधनाचे दोन्ही स्विच ‘कटऑफ’ला (इंधन बंद) गेल्याची नोंद आणि कॉकपिटमधल्या संवादाचा एक त्रोटक सारांश आला, आणि मृत वैमानिकांवर दूरचित्रवाणीवर खटला सुरू झाला. अल्पा इंडियाने निरीक्षक म्हणून चौकशीत बसण्याची मागणी केली होती. आत बसवलेल्या संघटनेला मौन पाळावे लागते, बाहेर ठेवलेली रोज पत्रके काढते. चौकशी यंत्रणेलाच यातले पहिले जास्त सोयीचे आहे.

संघटनांचा स्वार्थ असतोच. ड्यूटीचे तास कमी झाले की जास्त वैमानिक लागतात आणि पगार चढे राहतात. 12 फेब्रुवारी 2009 च्या बफेलोजवळच्या अपघातात 50 जण गेले; दोघाही वैमानिकांनी आदली रात्र धड अंथरुणात काढलेली नव्हती. त्यानंतर अमेरिकेत सहवैमानिकालाही साधारण 1500 तासांच्या अनुभवाची अट आली. ती सुरक्षेपेक्षा टंचाईसाठी राखली जाते, ही टीका मला पूर्ण चुकीची वाटत नाही. उलट 2014 पासून लागू झालेले विश्रांतीचे नियम (ड्यूटीपूर्वी 10 तास विश्रांती, त्यात 8 तास अखंड झोपेची संधी) मालवाहू विमानांना आजही बंधनकारक नाहीत. अल्पा इतकी वर्षे भांडूनही तिथे हरलेली आहे. तीन खुर्च्यांची समिती बरी ती याचसाठी : संघटनेचा स्वार्थ कंपनीच्या आणि नियामकाच्या डोळ्यांसमोर तपासला जातो, आणि एकमताची अट कुणालाच डाव साधू देत नाही.

आपल्याकडे हे आणायला नवा कायदा लागेल असे वाटत नाही. गोपनीयतेची तरतूद नियमात आहेच. ती पाळली जाते की नाही हे पाहणारा तिसरा माणूस हवा. प्रत्येक कंपनीच्या थकवा समितीत वैमानिकांनी निवडलेला एक प्रतिनिधी असावा. खासगी कंपन्यांत मान्यताप्राप्त संघटना नाही ही सबब होऊ नये, निवडणूक तळनिहाय घेता येते. अर्जात मागच्या 72 तासांतली झोप, जागे होण्याची वेळ, रिपोर्टिंगची वेळ, झालेले सेक्टर आणि हॉटेल ते विमानतळ लागलेला वेळ हे रकाने सक्तीचे असावेत. शेवटी एक रकाना : अर्ज थकवा म्हणून नोंदला, की रजेत वळवला, आणि कोणी. तिमाही आकडे डीजीसीएने कंपनीनिहाय, दर हजार ड्यूटींमागे, जाहीर करावेत. ज्या कंपनीचा आकडा शून्याच्या जवळ असेल तिचे वैमानिक ताजेतवाने आहेत असे समजू नये. तपासणीला पहिले तिथेच जावे, आणि जाताना रोस्टरसोबत वैद्यकीय रजेचे रजिस्टरही मागवावे.

आपला,
एक निवृत्त वैमानिक
विलेपार्ले (पूर्व), मुंबई