ओसरीतलं वाचनालय

ती. बाबा व सौ. आईस,
सा. न. वि. वि.

फोनवर बोलायला धीर झाला नाही, म्हणून लिहिते. बाबा, आधी पूर्ण वाचा, मग रागवा. आपल्या वाचनालयाची माहिती मी देणग्या गोळा करणाऱ्या एका साइटवर टाकली. तुम्हाला न विचारता टाकली. दहा दिवसांत 31 जणांनी 26,400 रुपये दिलेत.

कुणापुढे हात पसरायचा नाही, हे तुमचं म्हणणं मला ठाऊक आहे. पण दर 20 डिसेंबरला ओसरीत पोट्ट्यांना गाडगेबाबांची गोष्ट तुम्हीच सांगता ना? लोकांच्या पैशातून धर्मशाळा उभ्या केल्या, आणि स्वतःपाशी गाडगं नि चिंध्या. मागणं स्वतःसाठी नसलं की त्यात कमीपणा कसला?

आणि खरं कारण वेगळंच आहे. पुस्तकांसाठी तुम्ही शुगरची गोळी अर्धी मोडून घेत होता. आईवर चिडू नका, मीच खोदून विचारलं. त्या रात्री मला झोप लागली नाही, बाबा.

तुमचा चेहरा कुठेही दाखवला नाही. फोटोत फक्त तुमचे हात आहेत, खळ लावून फाटक्या पुस्तकाला पुठ्ठा चिकटवणारे. माझी चौथीची पुस्तकंही असंच बांधून द्यायचे तुम्ही, अन् खळ वाळेस्तोवर मी तुमच्या मांडीवरून हलायची नाही.

लबाडी कुठेच केलेली नाही. आपली संस्था नोंदलेली नाही, तेव्हा 80जी ची, म्हणजे करसवलतीची पावती मिळणार नाही, असं पानावर ठळक लिहिलंय. दादाच्या मित्राला अमेरिकेतून पैसे पाठवायचे होते. त्यानं तिकडचं नागरिकत्व घेतलंय, अन् परदेशी देणगीला एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली सरकारची परवानगी लागते, म्हणून त्याला नाही म्हटलं. पावसाळ्यानंतर मी आठ दिवस येते, तेव्हा धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात ट्रस्टच्या नोंदणीचा अर्ज देऊ. अध्यक्ष तुम्हीच. कुलपाची किल्लीही तुमच्याच कनवटीला. तुमचं वाचनालय कुणी नेत नाही, बाबा.

आता ऐका. पैसे आईच्या वेगळ्या खात्यात येतील, त्यात घरचा रुपया मिसळायचा नाही. तुमच्या लाल वहीत रोजचा खर्च लिहा आणि महिन्याच्या शेवटी त्या पानाचा फोटो पाठवा, मी तो तसाच साइटवर टाकीन. ज्यांनी दिलं त्यांना ते दिसलं पाहिजे. देणगी जमा करतो, पिन टाका, असा फोन आला तर ठेवून द्या. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. ओटीपी तर शेजारच्या काकांनाही सांगायचा नाही.

पहिल्या पैशातून ओसरीला कूलर घ्या. मे महिन्यात पोट्टे घामानं निथळत बसतात, अन् तुम्हीही. घरातला कूलर ओसरीत नेऊन आईला उकाड्यात ठेवू नका. आई, गुडघ्याचा पट्टा पेटीत नको, पायात घाल. तुरीच्या शेंगा तोडायला तू जाऊ नकोस, बाई लाव, मजुरी मी पाठवते.

बाबा, गोळी उद्यापासून पूर्ण. रिकामं पाकीट आईला दाखवायचं, मी तिलाच विचारणार आहे.

तुमची
बेबी