प्रवेशाआधी प्रयोगशाळा बघून या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

बारावीचा निकाल लागला की नाशिकमध्ये घरोघरी एक वाक्य ऐकू येतं: 'इंजिनिअरिंग नाही, फार्मसी नाही, तर बीएस्सी केमिस्ट्री आहेच.' अशा नाइलाजाने आलेली मुलं तीन वर्षं प्रॅक्टिकल उरकतात, आणि या विषयाची नोकरी तर प्रॅक्टिकलवरच उभी असते. पालक आणि विद्यार्थ्यांसाठी हे पत्र.

साधं परमँगनेटचं टायट्रेशन घ्या, म्हणजे एका द्रावणात दुसरं थेंबथेंब सोडून त्याची तीव्रता काढणं. ०.१ नॉर्मल ऑक्झॅलिक आम्लाचं २५० मिली द्रावण करायला १.५७६ ग्रॅम स्फटिक लागतात. त्यातले १० मिली पिपेटने फ्लास्कमध्ये घ्यायचे, सौम्य सल्फ्युरिक आम्ल घालायचं, ६० ते ७० अंशांपर्यंत तापवायचं आणि ब्युरेटमधून, म्हणजे तोटी असलेल्या मोजनळीतून, गुलाबी रंग टिकेपर्यंत परमँगनेट सोडायचं. हायड्रोक्लोरिक आम्ल चालत नाही, कारण थोडं परमँगनेट क्लोराइडवरच खर्च होतं आणि रीडिंग वाढतं. सल्फ्युरिक कमी पडलं तर द्रावण तपकिरी, गढूळ होतं. नीट तापवलं नाही तर पहिल्याच थेंबांचा गुलाबी रंग रेंगाळतो आणि मुलाला वाटतं, झालं! ब्युरेटच्या टोकात अडकलेला हवेचा बुडबुडा मध्येच सुटला तर तेवढं रीडिंग जास्त येतं. वर विसरलेल्या फनेलमधून थेंब पडला तर कमी. द्रावण गडद, म्हणून पातळी वरच्या कडेला वाचायची.

या प्रत्येक चुकीमागे कारण आहे आणि ते शोधणं हेच शिक्षण आहे. जर्नलमध्ये मात्र १०.१, १०.१, १०.१ आणि खाली सीबीआर (पुन्हा पुन्हा सारखं आलेलं ब्युरेटचं रीडिंग) १०.१ असंच दिसतं. पुष्कळदा उत्तर आधी ठरतं आणि रीडिंग मागून लिहिलं जातं.

हीच सवय सातपूर, अंबड, सिन्नर, दिंडोरीच्या कारखान्यांत नोकरीवर बेतते. औषध कंपनीच्या क्यूसीमध्ये, म्हणजे गुणवत्ता तपासणी विभागात, रीडिंग चिठ्ठीवर लिहून नंतर रजिस्टरमध्ये उतरवणं हा गंभीर दोष मानला जातो. चूक झाली तर एक आडवी रेघ, शेजारी सही, तारीख आणि कारण. व्हाइटनर नाही, आकड्यावर आकडा गिरवणं नाही. एचपीएलसीवर (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) नावडता आलेख पुसला तरी ऑडिट ट्रेलमध्ये, म्हणजे संगणकाच्या आपोआप होणाऱ्या नोंदवहीत, त्याची नोंद राहते. खोटं रीडिंग म्हणजे खोटी गोळी बाजारात, हे मुलांना पहिल्या वर्षीच सांगायला हवं.

नाशिकच्या मातीतच या विषयाला काम आहे. वायनरीत वाइनची आम्लता सोडियम हायड्रॉक्साइडनेच मोजतात. फक्त रेड वाइनमध्ये फिनॉल्फ्थॅलिन या दर्शकाचा गुलाबी रंग दिसणार कसा, म्हणून पीएच मीटर लावून ८.२ वर थांबतात. द्राक्षांचं उदाहरण त्याहून बोलकं आहे. २०१० साली युरोपात गेलेली आपली द्राक्षं क्लोरमेक्वाट क्लोराइड या वेलीची वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशापायी अडकली. बागायतदार त्याला सीसीसी म्हणतात. इथाइल अ‍ॅसिटेटने बरीचशी कीडनाशकं एकदम काढून एलसी-एमएस या यंत्रावर मोजता येतात; पण सीसीसी हा भारित आयन, तो पाण्याच्या थरातच राहतो. त्याला वेगळी पद्धत लागते. कोणता पदार्थ पाण्यात राहतो हे ठरवणारी ध्रुवीयता म्हणजे काय, हे दुसऱ्या वर्षाला नुसतं पाठ केलेलं असतं. त्याची किंमत कंटेनरमध्ये मोजावी लागते.

एकलहऱ्याच्या वीज केंद्रात बॉयलरच्या पाण्यातली सिलिका आणि कोळशाचं उष्मांक मूल्य तपासायला केमिस्ट लागतो. न्यायवैद्यक प्रयोगशाळाही नाशिकमध्ये आहे. नुसत्या बीएस्सीवर मात्र बहुधा क्यूसी किंवा उत्पादन, पाळ्या आणि बेताचा पगार, हे आधीच माहीत असू द्या. संशोधनात जायचं तर बहुधा एमएस्सी हवी: आयआयटीतल्या एमएस्सीसाठी जॅम ही प्रवेश परीक्षा, पुढे पीएचडीसाठी सीएसआयआर-नेट किंवा गेट या परीक्षा. जॅमची तयारी तिसऱ्या वर्षाच्या दिवाळीनंतर सुरू करणाऱ्यांची धावपळ होते, कारण परीक्षा फेब्रुवारीत असते. दुसऱ्या वर्षापासूनच भौतिक रसायन आणि गणित सोडू नका.

म्हणून प्रवेशाआधी महाविद्यालयाची इमारत नव्हे, प्रयोगशाळा बघा. एका ब्युरेटवर किती मुलं? फ्यूम हूडचा, म्हणजे विषारी वायू बाहेर टाकणाऱ्या कपाटाचा, पंखा खरोखर हवा ओढतो का? त्याच्या तोंडाशी कागदाची पट्टी धरून पाहा, ती आत ओढली गेली पाहिजे. तराजू चार दशांशांचा आहे का आणि त्याच्या कॅलिब्रेशनची ताजी नोंद जवळ लावलेली आहे का?

प्राध्यापक आणि बाह्य परीक्षकांना एक विनंती. प्रॅक्टिकल परीक्षेत प्रत्येकाला वेगळ्या तीव्रतेचा नमुना द्या, म्हणजे शेजाऱ्याचा आकडा उपयोगी पडणार नाही. आणि ज्याचं उत्तर चुकलं, पण रीडिंग जसं आलं तसं लिहून कारणही बरोबर सांगितलं, त्याचे गुण कापू नका.

– रसायनशास्त्राचे एक शिक्षक, नाशिक